टोपलीखालचें मांजर

श्राद्धाच्या स्वयंपाकांत तोंड घालूं नये म्हणून एका गृहस्थानें घरांतील मांजर टोपलीखालीं झांकून ठेवलें. मुलानें तें पाहिलें. पुढें मुलाच्या कारकीर्दींत घरांत मांजर उरलें नव्हतें, तरी श्राद्धाच्या दिवशीं शेजाऱ्यांकडून मांजर मागून आणून तें टोपलीखालीं झांकण्यांत आलें. ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं कोणी ऐकली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. लहानपणीं आम्ही ती ऐकून पुष्कळ हंसलों आहों. यंदा गौरी-गणपतींत ती निराळ्याच निमित्तानें आठवली, व त्या वेळीं हंसूं मात्र आलें नाहीं.

आमची एक पुतणी पुण्यास हिंजवडींतील एका कंपनींत संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचें काम करते. सणास घरीं आली ती संगणक काखोटीस मारूनच. माजघरांत सवाष्णींची वर्दळ चाललेली, आणि ही माडीवर दार लोटून कोणाशीं तरी दोन दोन तास बोलत बसलेली. विचारतां म्हणाली, "काका, केटी चालली आहे." आमच्या छातींत धस्स झालें, कारण घरांतील महाविद्यालयीन मुलांच्या तोंडीं हा शब्द विषय राहिल्याच्या अर्थीं येतो. तिनें हंसून खुलासा केला. कंपनींतील एक अनुभवी गृहस्थ महिनाअखेर नोकरी सोडून जाणार; बारा वर्षें त्यांनीं सांभाळलेली आज्ञावली यापुढें हिच्या गळ्यांत पडणार; तेव्हां त्यांच्या डोक्यांतील सर्व कांहीं आठ दिवसांत हिच्या डोक्यांत उतरावयाचें. या विधीस तिकडे 'नॉलेज ट्रान्सफर' म्हणतात, व त्याचेंच हें लघुरूप. बारा वर्षांची विद्या आठ दिवसांत! आमच्या वेळच्या शास्त्र्यांस हें सांगितलें असतें तर त्यांनीं शेंडीस गांठ मारून उठून जाणेंच पसंत केलें असतें.

ती आज्ञावली एका पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या व्याजाचा हिशेब करते. त्यांत एके ठिकाणीं असें कलम आहे कीं, अमुक एका तारखेस उघडलेलीं खातीं आढळल्यास त्यांचा हिशेब निराळ्या रीतीनें करावा. कां करावा, तें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. त्या गृहस्थांस विचारलें तेव्हां ते म्हणाले, "तें काढूं नका. कशासाठीं घातलें तें आतां आठवत नाहीं, पण काढलें तर कांहीं तरी बिघडतें एवढें खरें." पुतणी आम्हांस म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यांत व्याज चुकलें तर ठेवीदार पतसंस्थेस विचारणार, पतसंस्था कंपनीस विचारणार आणि कंपनी मला विचारणार. मी कोणाला विचारूं?"

तें मांजर आम्हांस आठवलें तें या ठिकाणीं. परंतु टोपलीखालीं खरोखर मांजर आहे, कीं टोपलीनें झांकलेला घराचा खांब आहे, हें न उचलतां कसें कळावें?

या प्रश्नाचा विचार करणारे विद्वान् तिकडे बरेच झाले आहेत, आणि त्यांचे विचार आपल्या घरोघरच्या व्यवहारास इतके लागू आहेत कीं, वाचकांस ते सांगावेसे वाटतात. डेन्मार्कचे पीटर नौर हे मूळचे ज्योतिषशास्त्रज्ञ. पुढें संगणकाकडे वळले. १९८५ सालीं त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, आज्ञावली म्हणजे कागदावरील ओळी नव्हेत. ती रचतांना रचणाऱ्याच्या मनांत जी समज तयार होते ती खरी वस्तु, आणि ओळी ही तिची केवळ सावली. त्यांनीं दिलेला दाखला मार्मिक आहे. एका मंडळीनें एक मोठी आज्ञावली रचली. दुसऱ्या मंडळीस तींत थोडी भर घालावयाची होती. पहिलीनें आपलें सर्व टिपण, टीपांसह सर्व ओळी, व वर तोंडी सल्ला देखील दिला. तरी दुसऱ्या मंडळीनें भर घालण्याच्या ज्या योजना आणल्या, त्यांतील कित्येकांनीं मूळ रचनेचा कणाच मोडला असता. पहिल्या मंडळीस तें पाहतांक्षणीं दिसे, व त्याच रचनेच्या पोटांत बसणारा सोपा मार्ग तिला सुचे. कागद दोघींपाशीं तेच होते. पुढें पहिल्या मंडळीचा संबंध सुटल्यावर कांहीं वर्षांनीं ती आज्ञावली नौर यांच्या पाहण्यांत आली, तेव्हां मूळ रचना अजून दिसत होती, पण वेळोवेळीं डकवलेल्या ठिगळांखालीं तिचा जोर नाहींसा झाला होता. ज्यांच्या मनांत समज होती तीं माणसें पांगलीं कीं आज्ञावली मेली असें समजावें, इतक्या थरास नौर जातात. आम्हांस हें थोडें अति वाटतें. परंतु नौर यांस २००५ सालचा ट्यूरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रांतील सर्वोच्च मान, मिळाला होता. तेव्हां एका जुन्या पंतोजीनें त्यांचा कान धरावा हें बरें नव्हे.

आतां मांजराची गोष्ट खरोखर घडली ती ऐका. दि. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियाना प्रांतांत कुरू येथून युरोपीय राष्ट्रांचा 'आरियान-५' हा नवा अग्निबाण प्रथमच उडाला. सुमारे चाळीस सेकंदांत तो एकाएकीं मार्ग सोडून कलला व आकाशांतच फुटून गेला. पोटांत 'क्लस्टर' नांवाचे चार शास्त्रीय उपग्रह होते; तेहि गेले. झाक-लुई लिओन्स या फ्रेंच गणितज्ञांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ बसलें व जुलैंत त्याचा अहवाल बाहेर पडला. तो अहवाल प्रत्येक कुटुंबवत्सल मनुष्यानें समजून घ्यावा असा आहे.

अग्निबाणास आपण कोठें आहों व कोणत्या दिशेस कललों आहों हें सांगणारें एक यंत्र असतें. त्याची आज्ञावली पूर्वींच्या 'आरियान-४' मधून तशीच उचललेली होती. उड्डाणापूर्वीं त्या यंत्रास जमिनीशीं जुळवून स्थिर करावें लागतें, व त्यासाठीं कांहीं गणित चालतें. उड्डाण झाल्यावर या गणिताचें वास्तविक कांहींच काम नाहीं. परंतु जुन्या अग्निबाणांत तें उड्डाणानंतरहि सुमारे ४० सेकंद चालूं ठेवीत. कारण असें कीं, उलट मोजणी अगदीं शेवटच्या क्षणीं थांबवावी लागली, तर पुन्हां सारें जुळविण्यांत पाऊण तास किंवा अधिक वेळ जाऊं नये. ही सोय १९८९ सालीं एकदांच उपयोगीं पडली होती. नव्या अग्निबाणाची तयारीची रीतच निराळी असल्यामुळें तिची तेथें गरज नव्हती. तरी जें चालतें आहे त्यास हात लावूं नये या समजुतीनें तें गणित तसेंच राहिलें. घरांतलें मांजर गेलें होतें. टोपली मात्र मांडली गेली.

आणि या मांजरानें बोचकारलें. त्या गणितांत आडव्या वेगाशीं संबद्ध अशी एक संख्या होती. ती ज्या कप्प्यांत ठेवावयाची तो १६ अंशांचा. त्यांत ३२,७६७ च्या वर संख्या मावत नाहीं. जुन्या अग्निबाणाचा मार्ग असा होता कीं, आरंभीं ती संख्या कधींच तेवढी वाढत नसे. नव्याचा आडवा वेग फार झपाट्यानें वाढे. कप्पा फुटला, यंत्र बंद पडलें. जोडीस राखून ठेवलेलें दुसरें यंत्र त्याच आज्ञावलीवर चालत असल्यामुळें क्षणाच्या अल्पांशापूर्वींच बंद पडलें होतें. बंद पडतांना यंत्रानें जी बिघाडाची खूण पाठविली, ती मुख्य संगणकानें उड्डाणाची माहिती समजून घेतली, आणि मार्ग सुधारण्यासाठीं अग्निबाणाच्या नळ्या एका बाजूस पूर्ण वळविल्या. जी चूक झालीच नव्हती ती सुधारण्यांत सर्वस्व गेलें.

परंतु आमचें लक्ष वेधलें तें यापुढील मजकुरानें. कप्पा फुटण्याचा धोका मूळ रचणाऱ्यांस ठाऊक नव्हता असें नाहीं. अशा सात संख्या त्यांनीं हेरल्या होत्या. चारांस संरक्षण दिलें, तीन उघड्या ठेवल्या. संगणकाच्या शक्तीचा शेंकडा ८० हून अधिक भाग खर्चूं नये अशी मर्यादा होती, म्हणून तीन उघड्या. आणि त्या तीन आवाक्याबाहेर जाणार नाहींत अशी त्या वेळच्या अग्निबाणापुरती खात्री होती. निर्णय विचारपूर्वक होता, सर्वांच्या संमतीनें होता. मात्र त्याचें कारण त्या ओळींपाशीं लिहिलेलें नव्हतें. कागदपत्रांच्या प्रचंड ढिगांत तें असें पुरलें गेलें कीं, बाहेरून तपासणाऱ्यास दिसूं नये. कोणी लपविलें नव्हतें हेंहि मंडळानें स्पष्ट म्हटलें आहे. काय केलें तें राहिलें, कां केलें तें हरवलें.

कोणी म्हणेल, मग सर्व कांहीं लिहून ठेवावें, झालें! तेंहि करून पाहण्यांत आलें आहे. १९६० नंतरच्या दशकांत आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड आज्ञावलीचें काम फ्रेडरिक ब्रुक्स यांजकडे होतें. प्रत्येक निर्णय सर्वांस कळावा म्हणून त्यांनीं एक मोठी वही ठेवली. ती सहा महिन्यांत पांच फूट जाड झाली. रोज सुधारलेलीं सुमारे १५० पानें येत, आणि प्रत्येकानें जुनीं काढून नवीं आपल्या वहींत लावावयाचीं. त्रासाला कंटाळून तो मजकूर छायाचित्राच्या बारीक पट्टिकांवर घेण्यांत आला. खर्च वांचला, जागा वांचली, वेळ वांचला. परंतु १९७५ सालच्या आपल्या पुस्तकांत ब्रुक्स एक गोष्ट प्रांजळपणें नमूद करतात. हातानें पानें लावतांना माणसास तीं नाइलाजानें कां होईना वाचावीं लागत, आणि वाचणें हाच वहीचा मूळ उद्देश होता. पट्टिका कोणी वाचीना. आमच्या विद्यार्थ्यांत फळ्यावरचें उतरवून घेणारा व आयत्या छापील टिपणांवर अभ्यास करणारा यांतील भेद आम्हीं इतक्या वर्षें पाहिला आहे कीं, हें वाचून आम्हांस एखादा जुना शिक्षकबंधु भेटल्यासारखें वाटलें.

शिवाय लिहिण्याचे कष्ट करणारा एक आणि फळ खाणारा दुसरा, ही अडचण आहेच. जोनाथन ग्रुडिन यांनीं १९८८ सालींच दाखवून दिलें कीं, ज्या सोयींत श्रम एकाचे व लाभ दुसऱ्याचा, त्या सोयी कचेऱ्यांतून टिकत नाहींत. अमेरिकेंत नासाच्या गॉडर्ड केंद्रांत १९७६ पासून मेरीलँड विद्यापीठाच्या साह्यानें एक प्रयोगशाळा चालली. तेथें व्हिक्टर बॅसिली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यावर असा तोडगा काढला कीं, रचणारे निराळे व त्यांचा अनुभव टिपून ठेवणारे निराळे. राजाच्या पदरीं बखरकार असावा तसें. हें उत्तम, परंतु असा बखरकार पोसण्याची ऐपत किती कंपन्यांची असते?

आणि लिहिण्यासारखें नसलेलें ज्ञान कसें लिहावें? मायकेल पोलान्यी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, पुढें तत्त्वचिंतक झाले; हातांत असलेलें पण सांगतां न येणारें जें ज्ञान, त्याचें विवेचन त्यांनीं १९६६ सालच्या पुस्तकांत केलें. जपानचे इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनीं १९९५ सालीं तोच धागा पुढें नेला. त्यांची एक हकीकत आमच्या भगिनीवाचकांस विशेष रुचेल. १९८५ च्या सुमारास ओसाका येथील मात्सुशिता कंपनीस घरच्या घरीं पाव करणारें यंत्र काढावयाचें होतें. पाव कांहीं केल्या नीट होईना. वरून करपे, आंत कच्चा राही. यंत्रानें मळलेल्या व कारागिरानें मळलेल्या पिठाच्या क्ष-किरणांनीं तसबिरी घेऊन ताडून पाहिल्या. उपयोग झाला नाहीं. तेव्हां इकुको तानाका नांवाची, आज्ञावल्या लिहिणारी बाई, गांवांतील एका नामांकित हॉटेलाच्या मुख्य भट्टीवाल्याकडे उमेदवार म्हणून राहिली. पाहतां पाहतां तिच्या ध्यानीं आलें कीं, हा गृहस्थ पीठ नुसतें ताणीत नाहीं, ताणतांना त्यास पीळ देतो. हें त्यास स्वतःस सांगतां आलें नसतें. विचारलें असतें तर त्यानें "चांगलें मळावें" असें सांगितलें असतें. पुढें वर्षभर खटपट करून, यंत्राच्या आंत खास कंगोरे बसवून, तो पीळ साधला. आमच्या घरच्या गोड्या मसाल्याच्या वहींतहि "खमंग वास सुटेपर्यंत" असें एक माप आहे. तें ज्या सुनेनें सासूच्या शेजारीं उभें राहून नाकानें घेतलें, तिलाच तें कळतें.

आमच्यासारख्या अष्टाध्यायी घोकलेल्या माणसास यांत एक जुनी ओळख पटते. पाणिनीचीं सूत्रें सुमारे चार हजार. त्यांत कोणता स्वर केवळ खुणेचा, म्हणजे 'इत्', हें मूळच्या अनुनासिक उच्चारावरून, आणि कोणाचा अधिकार पुढें चालावयाचा हें स्वरितावरून ओळखावें अशी योजना होती. या दोन्ही खुणा पोथ्यांतून उरल्या नाहींत. आज कोणी छापील प्रतींत घालतात, त्याहि परंपरेच्या आधारें घातलेल्या. ग्रंथ आला, खुणा गळाल्या. त्या कोठें होत्या हें गुरु शिष्यास सांगत आले म्हणूनच सूत्रांचा अर्थ लागतो. आणि पुढें पतंजलीनें काय केलें? हा शब्द येथें कां, हें सूत्र काढलें तर काय अडेल, असें विचारीत तो बसला, व कित्येक ठिकाणीं हें नसतें तरी चाललें असतें असेंहि त्यानें निर्भयपणें म्हटलें. नैय्यायिक यालाच पदकृत्य म्हणतात. लक्षणांतील एक एक पद काढून पाहावयाचें, आणि लक्षण कोठें फसतें तें दाखवावयाचें. शिंगें असलेला पशु ती गाय, असें म्हटलें कीं म्हैस आंत शिरते.

हें आम्हीं पुतणीस सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "काका, आम्ही अगदीं हेंच करतों." तिच्या धंद्यांत प्रत्येक कलमामागें एक लहान परीक्षा लिहून ठेवण्याची रीत आहे; कलम काढलें कीं ती परीक्षा नापास होते व कलमाचें प्रयोजन उघड होतें. तसेंच १९११ नव्हे, २०११ सालीं (सहस्रक बदललें तरी आमची लेखणी जुन्या वळणावर जाते) मायकेल नायगार्ड यांनीं आणखी एक सुटसुटीत रीत सुचविली. प्रत्येक मोठ्या निर्णयापाठीं एक-दोन पानांचें पत्रक त्या ओळींच्या शेजारींच ठेवावें, त्यांत परिस्थिति काय होती, काय ठरलें, व त्याचे बरे-वाईट परिणाम काय, एवढेंच लिहावें. पुढें निर्णय बदलला तरी जुनें पत्रक फाडूं नये. आम्हांस सर्व उपायांत हा अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण तो थोडका आहे. आजकाल यंत्रेंच आज्ञावली वाचून तिचा अर्थ सांगूं लागलीं आहेत. ओळी काय करतात हें तीं झटकन् सांगतात, व त्याचा उपयोगहि आहे. परंतु जें कारण कोणींच कोठें लिहिलें नाहीं, तें यंत्रानें सांगितलें तर तो तर्क समजावा, साक्ष नव्हे.

पुतणीच्या कलमामागें परीक्षा नव्हती व पत्रकहि नव्हतें. तिनें आज्ञावलीची एक प्रत घेऊन तींतून तें कलम काढलें व गेल्या वर्षाचा हिशेब पुन्हां करून पाहिला. बऱ्याच खात्यांचे आंकडे बदलले. तेव्हां तें मांजर नव्हे, खांब आहे, इतकें सिद्ध झालें. पण कशाचा खांब?

येथें एका मानववंशशास्त्रज्ञाचें काम आम्हांस उपयोगी वाटलें. जूलियन ओर यांनीं झेरॉक्स यंत्रें दुरुस्त करणाऱ्या कारागिरांबरोबर राहून १९९६ सालीं एक पुस्तक लिहिलें. त्यांना असें आढळलें कीं, कारागीर कंपनीच्या नियमपुस्तकावर जितके अवलंबून असतात त्याहून अधिक एकमेकांच्या गोष्टींवर. अमुक ठिकाणीं यंत्र कसें अडलें, काय काय करून पाहिलें, शेवटीं काय निघालें, हें जेवतां जेवतां सांगितलें जातें, व त्यांतच खरी विद्या असते. आम्हीं पुतणीस म्हटलें, "त्यांना कलमाचें कारण विचारूं नकोस. तुमच्या नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत काय काय घोटाळे झाले, ते सांगा म्हण."

त्या रात्रीं माडीवरून हंसण्याचा आवाज येऊं लागला. गृहस्थ मोकळे झाले होते. तिसऱ्या कीं चौथ्या घोटाळ्याला तें कलम आपण होऊन बाहेर आलें. पतसंस्थेच्या जुन्या खतावण्या संगणकावर चढविल्या, तेव्हां ज्या खात्यांची उघडल्याची तारीख सांपडेना, त्या सर्वांस चढविणाऱ्यांनीं चढविण्याच्या दिवसाचीच तारीख देऊन टाकली होती. म्हणजे ती तारीख खोटी. चाळीस वर्षांचा ठेवीदार यंत्राच्या लेखीं त्या दिवशीं जन्मलेला! पहिल्याच सहामाहींत म्हातारीं माणसें पासबुकें घेऊन दारांत उभीं राहिलीं, आणि घाईघाईनें तें कलम घालण्यांत आलें. तें काढलें असतें, तर तीच माणसें, जीं आज हयात असतील तीं, पुन्हां दारांत उभीं राहिलीं असतीं. गृहस्थ स्वतःच म्हणाले, "अहो, हें मी विसरलों कसा!" पुतणीनें त्या कलमाच्या डोक्यावर चार ओळींत सारें लिहिलें, खालीं त्यांचें नांव व तारीख घातली, आणि पाठोपाठ त्याची परीक्षाहि लिहून टाकली.

दुसऱ्या दिवशीं गौरींचें जेवण. आमच्या घरीं त्या दिवशीं एक पान मागील दारीं वाढतात, व तें अळणी असतें. पुतणी लहानपणापासून तें पाहत आलेली. परंतु आदल्या रात्रीचा वारा अंगांत होताच. तिनें आमच्या काकूंस, म्हणजे तिच्या आजीस, विचारलें, "आजी, हें पान कोणाचें? आणि मीठ कां नाहीं?" काकूंचें वय नव्वदीच्या घरांत. त्या म्हणाल्या, "सासूबाईंनीं सांगितलें तसें वाढत आलें गं. विचारायची कोणाची छाती होती?" मग पुतणीनें कालचीच युक्ति केली, तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या गौरी कशा झाल्या तें सांगा, म्हणून त्यांच्यापाशीं बसली. काकूंनीं दोन तास सांगितलें. विहिरीचा रहाट, सोंवळ्यांतील भांडणें, एका वर्षीं खीर नासली ती. आम्हांस ठाऊक नसलेलें पुष्कळ निघालें. पानाचें कारण निघालें नाहीं.

कुळाचाराची वही आमच्या वडिलांच्या हातची आहे. तींत गौरींच्या पानावर, "मागील दारीं एक पान, अळणी" एवढेंच आहे. पुतणीनें त्याखालीं आपल्या हातानें लिहिलें: "कारण ठाऊक नाहीं. आजीलाहि ठाऊक नाहीं. विचारून झालें आहे." खालीं तारीख घातली, आणि संध्याकाळच्या गाडीनें ती पुण्यास गेली.